अप्पा, चोविसावा आर्म कुठे आहे?

अप्पा, तुमच्या खणातलं सामान अजून माझ्याकडेच आहे. चष्मा, टिंब मारायचा पंच, छोटी हातोडी, विभूतीची पितळी डबी, आलेपाकाचा अर्धा पुडा. तुमच्या घरी गौरव्वांना नेऊन द्यायला हवं. दोनदा निघाले आणि दोनदा स्कूटर वळवून परत आले. त्या विचारणार, शेवटी शेवटी तुम्ही कामावर खूश होता का. मला खोटं बोलायला जमत नाही, आणि खरं सांगण्याआधी मला चोविसावा आर्म हातात हवा आहे.

उद्योजकांच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं मागितली आहेत. जन्म, गाव, किती वर्षं नोकरी, स्वभाव कसा. ती माहिती वर्कशॉपमधला आपला जावेद लिहून देईल, त्याचं अक्षर बरं आहे. मी हे तुम्हाला लिहिते आहे, आणि छापायचं तर हेच छापा असं त्यांना सांगणार आहे. तो अंक यंत्रमागवाल्यांकडे जातो. त्यांनी हे वाचायलाच हवं.

तुम्ही मला पहिल्यांदा अक्का म्हणालात तेव्हा मी डिप्लोमा संपवून वडिलांच्या वर्कशॉपमध्ये नुकती येऊन उभी राहिले होते. बावीस वर्षांची. तुम्ही चाळिशीला टेकलेले. मी म्हटलं, "अहो, मी तुमच्यापेक्षा लहान आहे." तुम्ही म्हणालात, "मालकाची पोरगी म्हंजी अक्काच की. पोरगी म्हनलो तर तुमी ऐकणार न्हाई, आन् मॅडम म्हनलो तर मला हसू येतंय." पुढे वडील गेले, वर्कशॉप माझ्याकडे आलं, माझं लग्न झालं आणि मोडलं, जुनं मिलिंग मशीन गेलं आणि त्या जागी कॉम्प्युटरवर चालणारं आलं. अक्का आणि अप्पा तेवढे राहिले.

नवीन मशीन आलं त्या दिवशी कंपनीचा माणूस तुम्हाला बटणं समजावत होता. तुम्ही मान डोलावलीत, मशीनच्या मागे गेलात आणि बिडाच्या जाड खांबावर उजवा तळहात टेकवलात. बोटं वर उचललेली, फक्त मनगटाजवळची गादी लोखंडाला. डोळे मिटलेले. तो माणूस माझ्याकडे बघायला लागला.

"नमस्कार करतायत का?"

"ऐकतायत," मी म्हटलं.

थोड्या वेळानं पुढे येऊन तुम्ही त्याला म्हणालात, "हिचा एक पाय अधांतरी हाय. डावा, मागचा." त्यानं हसत हसत लेव्हल ठेवली. मग त्याचं हसणं थांबलं. डावा, मागचा.

तुमच्या त्या तळहातावर मी वीस वर्षं वर्कशॉप चालवलं. कटरनं धातूतून कुठल्या मार्गानं जायचं हे मी कॉम्प्युटरवर ठरवते. तोच खड्डा अनेक मार्गांनी कोरता येतो. सरळ जायचं आणि कोपऱ्यात काटकोनात वळायचं, किंवा गोल गोल घिरट्या घालत थोडं थोडं सरकायचं. चुकीच्या मार्गावर कटर थरथरतो, आणि जिथे थरथरतो तिथे धातूवर बारीक वळ्या उमटतात. वरून दिसतही नाहीत. पण ती वस्तू पुढे धक्के खायला लागली की त्या वळीतूनच तडा सुरू होतो. मी मार्ग आखायचा, तुम्ही हात ठेवायचा, "चालू द्या" नाही तर "नगं" म्हणायचं. एवढी साधी पद्धत होती.

पण तुमची साठी उलटली आणि मी घाबरले. तुम्ही उद्या घरी बसलात तर तुमचा तळहात मला कुठे उतरवून घेता येणार? म्हणून मी ते सेन्सर मागवले. नखाएवढी चिप, मोबाइल आडवा धरला की पडदा आडवा होतो तो जिच्यामुळे, तसलीच. दोघांच्या साध्या जेवणाच्या किमतीत एक. वायर, छोटासा बोर्ड, मागे लोहचुंबक, समोर लॅपटॉप. थरथर झाली की पडद्यावरची रेघ उठते. मोठ्या कारखान्यांत हेच मोजायला महागडी उपकरणं असतात. आपल्यासारख्यांना ही चिप पुरावी असा माझा हिशोब.

तुम्ही ती चिमटीत धरून उन्हाकडे करून बघितलीत.

"अक्का, ह्ये काय आनलंय? मशिनीला ताईत?"

"ताईतच समजा. थरथर मोजतो."

"आन् मी इतकी वर्सं काय करतोय मग?"

"तुम्ही मोजत नाही अप्पा. तुम्ही सांगता."

"सांगितलेलं कदी चुकलंय?"

"एकदा. माझं लग्न टिकेल म्हणाला होता."

"त्येला हात ठेवून बगितलं न्हवतं की!" तुम्ही इतक्या जोरात हसलात की जावेदनं मशीन थांबवलं, काही मोडलं की काय म्हणून.

पहिला सेन्सर मी टेबलावरच्या शिकंज्याला चिकटवला. गार ठेवायला जे पाणी सोडतो त्यात तो दोन दिवसांत मेला. दुसरा चार दिवस जगला. तिसरा हातात घेऊन मी जागा शोधत होते तेव्हा तुम्ही स्वतःहून बोललात. "लावायचाच हाय तर तितं लावा. वर. देवापाशी."

कटर ज्यात बसतो त्या स्पिंडलच्या डोक्यावर समोर तुम्ही दर सोमवारी सकाळी विभूतीचे तीन पट्टे ओढायचात. डबीतली विभूती पाण्यात कालवून, तीन बोटांनी, डावीकडून उजवीकडे. वर्षानुवर्षं. जागा कोरडी होती, स्पिंडलच्या अगदी जवळ होती, मशीन पुसताना तिला कोणी हात लावत नसे. चुंबक बसला. तुम्ही माझ्या ताईताला देवाशेजारी जागा दिलीत याचा मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी जिंकल्यासारखी घरी गेले. आता तो आनंद आठवायला नको वाटतो.

मग ते आर्म आले. शहराच्या पूर्व भागातल्या एका कारखानदाराला टॉवेलच्या यंत्रमागांसाठी हवे होते. सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याला मारणारा जो दांडा असतो, त्याला धरून ठेवणारा लोखंडी हात. मिनिटाला शंभरावर दणके खाणारा. पूर्वी ते ओतीव यायचे आणि मोडायचे. त्याला सलग पोलादातून कोरलेले हवे होते. चोवीस नग.

मी तीन मार्ग आखले आणि तिन्ही त्याच सेन्सरनं तपासले. पहिल्यात कोपरा आला की रेघ दणकन उडायची. दुसरा बरा, पण फार रेंगाळणारा. तिसरा मार्ग घिरट्यांचा, लांब कटरचा, आणि रेघ अशी सपाट की मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. काम निम्म्या वेळात. मी तुम्हाला बोलावलं. तुम्ही मागे जाऊन हात टेकवलात.

"इल्ला अक्का. ह्यो मार्ग नगं."

"का?"

"कोपऱ्यात रडतंय. लई बारीक. चिलटावानी."

"ग्राफ बघा की अप्पा. काही नाही."

"ग्राफला न्हाई आलं. मला आलं."

आठवडाभर हेच. मी सेन्सर बदलून बघितला. दुसरा लावला, त्याच जागी. पुन्हा सपाट. पहिल्या मार्गाचे दणके त्याला नीट कळत होते, म्हणजे सेन्सर आंधळा नव्हता. तुम्ही रोज हात ठेवायचात आणि रोज मान हलवायचात. कारखानदाराचे फोन येत होते. शेवटी एका दुपारी मी जावेदसमोर ते वाक्य बोलले.

"अप्पा, मशीन थरथरत नाही. तुमचा हात थरथरतो."

तुम्ही भांडला नाहीत. तळहात वळवून बघितलात. फडक्याला पुसलात. पुन्हा बघितलात. मग म्हणालात, "असंल."

वीस वर्षांत तुमच्या तोंडून मी हा शब्द ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी तुम्हाला तपासणीच्या टेबलावर बसवलं. बसून काम, पंख्याखाली. मी त्याला तुमची काळजी असं नाव दिलं. मशीन जावेदकडे गेलं. सोमवारची विभूती तेवढी तुम्ही येऊन लावत राहिलात. सेन्सर तिथेच असायचा. त्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं फिरवायचात, त्याला धक्का न लावता. अधूनमधून तो काढून पुन्हा बसवला जायचा, तेव्हा तुमचे पट्टे सलग जायचे.

आर्म तपासून झाला की त्याच्या पाठीवर पंचनं एक टिंब मारायचं, ही आपली रीत. टिंब म्हणजे पास. चोवीस आर्म तुमच्या टेबलावरून गेले. तुम्ही मापं घेतलीत, टिंबं मारलीत, पेटीत भरलेत. मला काही बोलला नाहीत. मीही विचारलं नाही. माल पूर्व भागात गेला आणि मागांवर चढला.

गुरुवारी सकाळी गौरव्वांचा फोन आला. तुम्ही डबा घेऊन रिक्षाची वाट बघत उभे होता आणि खाली बसलात. बसलात ते बसलातच. मी पोहोचले तेव्हा तुम्हाला भिंतीशी टेकवून बसवलं होतं, तुमच्यात बसवतात तसं, कपाळभर विभूती. उजवा हात मांडीवर उताणा. मी तुमच्या चेहऱ्याकडे कमी आणि त्या हाताकडे जास्त बघितलं. अगदी स्थिर होता.

गौरव्वा माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "हात लई थरथरायचा हो त्येंचा. चार-पाच म्हयनं झालं. चा प्यायचे तर निम्मा बशीत. मला म्हनायचे, अक्काला सांगू नको."

अप्पा, मला त्या क्षणी हलकं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. तुम्ही समोर तसे बसलेले, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर माझं वाक्य खरं होतं. माती देताना चिमूटभर विभूती माझ्या हातात ठेवली. मऊ होती, पिठासारखी. बोटांत दाबली की दबत होती. मी ती सोडली, हात झटकला आणि घरी आले.

सोमवारी जावेद मशीन चालू न करता उभा होता.

"अक्का, वो राख कौन लगाएगा अब? अप्पा तो हर सोमवार..."

"मी लावते," म्हटलं. देवधर्माचा मला कंटाळा, पण तुमचा नेम मोडायचा नव्हता. डबी आणली. पट्टे सलग यावेत म्हणून आधी सेन्सर काढला. ओढला तर तो सालपटासकट निघाला. चुंबकाच्या पाठीला करड्या थराचा एक तुकडा चिकटून आला होता, नाण्याएवढा जाड. विभूती, तेल, पुन्हा विभूती, पुन्हा तेल. इतक्या वर्षांची. नखानं दाबला तर दबला.

मी कितीतरी वेळ तो तुकडा दाबत उभी राहिले. मोठा दणका असल्या थरातूनही आरपार जातो. बारीक थरथर त्यात जिरते. उशीवर घड्याळ ठेवल्यासारखं.

"ही जागा खरवडली का नाही कधी?" मी जावेदला विचारलं.

"मैं कैसे खरवडू अक्का? तुमची पूजा की जगा है."

मी खरवडली नाही कारण ती तुमची. जावेदनं खरवडली नाही कारण ती आमची. तुम्ही खरवडली नाहीत कारण ती देवाची. तिघांनी मिळून इतकं जपलं की त्या थराखाली काय चाललंय ते कोणालाच कळू नये.

पत्र्याच्या तुकड्यानं मी ती जागा उघडी केली. लोखंड चकाकेपर्यंत. सेन्सर चिकटवला आणि जावेदला म्हटलं, आर्मचा प्रोग्राम लाव, तिसरा मार्ग. कटर खाली उतरला, घिरट्या घालत पुढे सरकला, रेघ सपाट. मग कोपरा आला आणि रेघ पडदा फाडून वर गेली. पुढचा कोपरा, पुन्हा. प्रत्येक कोपऱ्यात. चिलटासारखं बारीक, आणि न थांबणारं.

तुम्ही म्हणाला होता तिथेच. म्हणाला होता तसंच.

आता इथे माझी दुसरी चूक येते, आणि हिच्यात विभूतीचा काही दोष नाही. मी त्याच मिनिटाला कारखानदाराला फोन करायला हवा होता. केला नाही. मला खात्री करायची होती. सोमवारी दोनदा तपासलं, मंगळवारी तीनदा. रंग लावून शिल्लक तुकड्यावर वळ्या बघितल्या. अहवाल लिहायला घेतला. खात्री पहिल्याच कोपऱ्यात झाली होती. बाकीचे दोन दिवस मी "आम्ही चुकलो" हे कसं म्हणायचं त्याची वाक्यं जुळवत होते. तुमच्यासमोर एक वाक्य बोलायला मला विचार करावा लागला नव्हता.

बुधवारी अकरा वाजता त्याचाच फोन आला. "मॅडम, तुमचा आर्म तुटला. लगेच या."

कारखान्यात सगळे माग दणदणत होते, एक सोडून. त्याच्या शेजारी सुताच्या कांड्या भरायला बसणारी अंबूबाई उभी होती. पदराचं टोक कानाशी धरलेलं. तिनं माझ्या हातात लोखंडाचा तुकडा ठेवला. मुठीएवढा.

"बाई, हे इथून गेलं," तिनं कानाजवळ बोट नेऊन दाखवलं. "केसाला लागलं. माणसाला लागलं असतं तर तुम्ही काय आणून दिलं असतं, सांगा?"

मागच्या पत्र्याला भोक पडलं होतं. त्यातून रस्ता दिसत होता.

मी तुकडा उलटा केला. तडा कोपऱ्यातल्या वळीतून सुरू झाला होता, रेघ आखल्यासारखा. आणि पाठीवर तुमचं टिंब होतं. एक नाही, अप्पा. दोन. शेजारी शेजारी, ज्वारीच्या दाण्याइतक्या अंतरावर.

मी धावत शेजारच्या मागाकडे गेले. मोबाइलचा उजेड मारून बघितलं, पण चालत्या मागावर काय दिसणार. "माग थांबवा," मी ओरडले. "सगळे. आमचा आर्म असलेले सगळे."

कारखानदार पुढे आला. "अहो मॅडम, एक तुटला म्हणून काय सगळे थांबवायचे? ट्रक उद्या जायचाय. संध्याकाळपर्यंत चालू देत, मग काढा की एकेक."

"संध्याकाळपर्यंत तुम्ही अंबूबाईंच्या स्टुलावर बसणार का?"

अंबूबाईनं त्याच्या उत्तराची वाट बघितली नाही. तिनं जाऊन स्वतःच्या हातानं मुख्य खटका पाडला. इतकी शांतता झाली की मला माझाच श्वास ऐकू आला. तेव्हा मला पहिल्यांदा तुमची इतकी गरज वाटली की मी दाराकडे बघितलं.

आर्म उतरवून मी आपल्या वर्कशॉपमध्ये आणले. जावेद आणि मी ते टेबलावर पालथे मांडले, तुमच्याच टेबलावर. काहींवर एक टिंब, काहींवर दोन. तुटलेला सोडून दोन टिंबांचे आठ. एका टिंबाचे चौदा. बारीक तडाही दिसावा म्हणून लाल रंग लावून, पुसून, भुकटी मारून बघितलं. दोन टिंबांच्या आठांपैकी सहांच्या कोपऱ्यात तडा सुरू झाला होता. मी जावेदकडे बघितलं.

"बघ. खूण केली होती त्यांनी."

"अक्का," जावेद हळूच म्हणाला, "हात कापता था उनका. पंच दो बार लगा होगा."

मग एका टिंबाच्या चौदांतही एक तडा निघाला.

अप्पा, मी रोज या टेबलापाशी उभी राहून हा वाद तुमच्याशी घालते आणि रोज अर्धाच राहतो. ती दोन टिंबं म्हणजे काय? ज्यांचा तुम्हाला भरवसा नव्हता ते तुम्ही बाजूला खूण करून ठेवलेत, की पंच तुमच्या हातून घसरला? खूण असेल तर मी तुमच्यावर रागावलेय. खूण कोणासाठी केलीत? मला सांगायचं होतंत. टेबल उलटं करायचं होतंत, पेटी उचलून न्यायची होतीत. तुम्ही टिंब मारलंत म्हणजे पास केलात. दोन मारा नाही तर दहा मारा, ते आर्म दारातून बाहेर गेले, आणि अंबूबाईच्या कानाजवळून गेला तो तुमच्या हाताखालून गेलेला. जुन्या अप्पांनी असं केलं नसतं. जुने अप्पा मशीनच्या समोर आडवे झाले असते.

पण जुन्या अप्पांना मी "तुमचा हात थरथरतो" असं म्हटलं नव्हतं. तेवढं एक वाक्य बोलून मी तुमच्या हातातून "नगं" हा शब्द काढून घेतला. मशीन थरथरत होतं आणि तुमचा हातही थरथरत होता. दोन्ही खरं होतं. मला त्यातलं एकच खरं हवं होतं, सोयीचं.

आणि घसरलेली असतील तरी ऐका. जिथे घसरलाय पंच, तिथेच जास्त तडे निघालेत. आठांत सहा. खराब कोपऱ्यावरून बोट फिरवताना तुमचा हात जास्त थरथरला असेल का? तुम्हाला स्वतःलाही न कळता? जावेदला हे सांगितलं तर त्यानं चहा मागवला, म्हणजे त्याला मी दमलेय असं वाटलं. दमलेय.

तुमच्याकडून मी काय शिकले हे सांगायची ही जागा असते. एकच सांगते. तुम्ही हात ठेवण्याआधी तो नेहमी धुवायचात. तेल, घाम, सगळं काढून, कोरडा करून मग लोखंडाला लावायचात. कशावर टेकवतो आहोत तेही आधी पुसायचात. मी हे वीस वर्षं बघितलं आणि सेन्सर लावताना तीन पट्ट्यांवर टेकवून मोकळी झाले. तुम्हीही तिथेच लावा म्हणालात, कारण ताईताला देवाजवळच जागा असते. आपण दोघांनी एकमेकांचा मान ठेवला, अप्पा. त्यात हे झालं.

आता सेन्सर उघड्या लोखंडावर आहे, आणि दर सोमवारी काढून जागा पुसली जाते. विभूतीचे पट्टे मी मशीनच्या दारावर ओढते. तिरके येतात. तिसरा मार्ग कॉम्प्युटरवरून पुसला नाही, त्याच्या नावापुढे "नगं" असं लिहून ठेवलंय. काल मी जावेदला म्हटलं, तो मार्ग एकदा चालव, भंगार तुकड्यावर, हळू. आणि हात धुऊन, पुसून मी मशीनच्या मागे गेले. खांबावर तळहात टेकवला, बोटं वर, डोळे मिटून.

"आया कोना," जावेदनं पलीकडून सांगितलं. "रेघ उठली अक्का. पूरी उठली."

माझ्या हाताला काही लागलं नाही. गार बीड, बस.

चोविसावा आर्म राहिला. मधल्या काळात कारखानदारानं एक जुना माग विकला, त्यावर आपला आर्म चढवलेला होता. दलालामार्फत विकला. दलाल आधी म्हणाला इचलकरंजी, मग म्हणाला भिवंडी, आता फोन उचलत नाही. मी दोन्हीकडे ओळखीच्यांना फोटो पाठवलेत. पलीकडून दर वेळी मागांचा आवाज येतो आणि कोणीतरी ओरडून म्हणतं, बघतो, बघतो. वर्कशॉपमधला फोन वाजला की जावेद आणि मी एकमेकांकडे बघतो. आधी कोणी उचलायचा ते ठरत नाही.

अंकवाल्यांना सांगितलंय, तुमचा फोटो नको, आर्मचा छापा. पाठीकडचा. ज्याच्या मागावर असा आर्म असेल त्यानं आधी खटका पाडावा आणि मग मला फोन करावा.

तेवीस आलेत. चोविसावा कुठे तरी धोटा मारतो आहे, आणि त्याच्या शेजारी कोणीतरी कांड्या भरत बसलं असेल. त्याच्या पाठीवर टिंबं किती, ते फक्त तुम्हाला माहीत.